रुग्णसेवेच्या वाटा

पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा त्या प्रसिद्ध दगडी पायऱ्यांपाशी उभा राहतो, पूर्वजांचे स्मरण करतो आणि परततो. त्याच आवारात रुग्णालयाच्या इमारतीचे अवशेष आहेत. त्यांच्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. जहाजातून उतरलेल्या करारबद्ध मजुराची आणि वैद्यकाची ह्या बेटावरील पहिली गाठ येथे पडत असे. ती त्याच्या सुखासाठी पडत होती असे म्हणता येणार नाही. हा देह उसाच्या मळ्यात कामास येईल की नाही, आणि त्याच्याबरोबर एखादी साथ तर किनाऱ्यावर उतरत नाही ना, एवढेच पाहिले जाई. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील उतारूंना पटकीच्या भयाने गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. तेथे शेकडो माणसे मरण पावली. रत्नागिरीकडून व कोकणपट्टीतून मुंबई बंदरमार्गे आलेल्या मराठी कुटुंबांनाही पुढे मळ्यावर जे भोगावे लागले ते फारसे वेगळे नव्हते. गैरहजेरीच्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मळ्यावर दवाखाना ठेवण्याचे बंधन कायद्याने मालकांवर होते खरे. परंतु १८७२ साली नेमलेल्या शाही आयोगाने त्या दवाखान्यांची जी हकीगत नोंदविली, ती वाचण्यासारखी असली तरी सुखावह नाही.

ह्या इतिहासामुळेच की काय, मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या घरांत ‘डॉक्टर’ ह्या शब्दाला एक विलक्षण तेज प्राप्त झाले. सर शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या मजुराचे पुत्र. ते १९२१ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, १९३५ साली डॉक्टर होऊन परतले आणि १९६८ साली स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान झाले. असे उदाहरण डोळ्यांसमोर असता प्रत्येक आईबापांना आपला मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटले तर नवल नाही. (मणिलाल डॉक्टर ह्यांचे नावही ह्या बेटावर आदराने घेतले जाते, पण ते नावाने डॉक्टर आणि व्यवसायाने बॅरिस्टर होते, हे लहान मुलांना अजूनही समजावून सांगावे लागते.)

परंतु ह्या तेजामुळे एक गोष्ट झाकली गेली आहे. ह्या बेटाचे आरोग्य ज्यांनी सुधारले, त्यांत डॉक्टरांइतकाच, क्वचित अधिकही, वाटा इतरांचा आहे. हिवतापाचाच इतिहास पाहावा. १८६६ ते १८६८ ह्या काळात हिवतापाची जी साथ आली, तिने हजारो माणसे नेली; पोर्ट लुई ओस पडू लागले आणि ज्यांना शक्य होते ती कुटुंबे क्युरपिपच्या थंड पठारावर राहावयास गेली. हिवताप डासांमुळे पसरतो हे भारतात राहून सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस येथे आले. त्यांनी व त्यांच्या साहाय्यकांनी काय केले? हजारो मुलांच्या पोटावर हात ठेवून कोणाची पाणथरी वाढली आहे ह्याची गावोगाव मोजणी केली, आणि डबकी, ओढे व दलदल ह्यांची पाहणी केली. त्यांनी सुचविलेले उपाय म्हणजे निचरा, सफाई आणि कोयनेल. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, घरोघर डी.डी.टी. फवारण्याची मोहीम निघाली. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. १९७५ च्या ‘जेर्वेझ’ चक्रीवादळानंतर हिवताप पुन्हा उद्भवला आणि त्याला दुसऱ्यांदा हुसकावून लावण्यास पुढची कित्येक वर्षे लागली. ह्या साऱ्या काळात फवारणीचा पंप पाठीवर घेणारा, घराची पायरी चढून रक्ताचा थेंब मागणारा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवून दिवसभर डोळे शिणविणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. हिवतापाच्या देशातून परतलेल्या प्रवाशाच्या घरी आजही आरोग्यखात्याचा अधिकारी चौकशीस येतो. काही लोक त्याला दारातच कंटाळून उत्तर देतात. खरे पाहता त्याच्या त्या कंटाळवाण्या फेरीवरच बेटाचे हिवतापमुक्त राहणे अवलंबून आहे.

आजचा शत्रू निराळा आहे. प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला मधुमेह आहे असे राष्ट्रीय पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे, आणि जगातील अतिशय मोठ्या प्रमाणांत ह्या बेटाची गणना होते. उसाच्या बेटावर रक्तात साखर वाढावी हा योगायोग बोलावयास चटकदार आहे, परंतु तो कारण नव्हे. अंगमेहनत कमी झाली, आहार बदलला, वजन वाढले आणि घराण्यातच ह्या रोगाकडे कल असला की तो लवकर गाठतो. येथेही एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९८७ साली सरकारने स्वस्त दराच्या खाद्यतेलाची घडण बदलली. त्यात जे मुख्यतः पामतेल असे, त्याऐवजी सोयाबीनचे तेल येऊ लागले. पाच वर्षांनी पाहणी केली तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचे सरासरी प्रमाण लक्षणीय उतरलेले आढळले. त्यासाठी कोणाला एक गोळीही गिळावी लागली नव्हती. हे काम आहारशास्त्रज्ञाचे, पाहणी करणाऱ्याचे, आकडेशास्त्रज्ञाचे आणि ते ऐकून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे होते.

मधुमेहाचा रुग्ण एका डॉक्टरच्या हाती कधीच नसतो. त्याच्या डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र कोणी घ्यावे लागते. बोटाला झालेली, दुखत नाही म्हणून दुर्लक्षिलेली जखम वेळेवर कोणी पाहावी लागते, नाही तर पाय कापण्याची पाळी येते. मूत्रपिंडे निकामी झाली तर आठवड्यातून साधारणतः तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, त्याला डायलिसिसच्या यंत्राशी बांधले जावे लागते, आणि त्या यंत्रापाशी जो परिचारक किंवा जी परिचारिका उभी असते, तिच्या दक्षतेवर त्याचा जीव असतो. सणाच्या दिवशी पुरणपोळी अजिबात खाऊ नये असे फर्मान काढणे सोपे. किती खावी, त्या दिवशी भात किती कमी करावा, हे आजीला पटेल अशा रीतीने सांगणारा आहारतज्ज्ञ मिळणे कठीण. शिवाय जन्मदर घटत आहे आणि वृद्धांची संख्या वाढत आहे. पक्षाघातानंतर पुन्हा चालावयास शिकविणारे, वाचा गेलेल्यांना बोलते करणारे, एकाकी वृद्धांच्या मनाची काळजी घेणारे लोक पुढील कित्येक वर्षे लागतील. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचोपचार, मानसशास्त्र, क्ष-किरण व प्रयोगशाळेचे तंत्र, औषधनिर्माण, दृष्टितपासणी ही नावे पालकांच्या बैठकीत क्वचितच निघतात, आणि निघालीच तर ‘एम.बी.बी.एस. न मिळाल्यास’ ह्या प्रस्तावनेसह निघतात.

ज्याची बुद्धी व चिकाटी वैद्यकाकडेच ओढ घेते त्याने डॉक्टरच व्हावे. त्याला परावृत्त करण्याचा येथे हेतू नाही. मात्र त्याने व त्याच्या वडिलांनी काही गोष्टी पैसे भरण्यापूर्वी पाहाव्यात. परदेशातून पदवी घेऊन आलेले व नेमणुकीची वाट पाहत बसलेले तरुण डॉक्टर हे गेल्या काही वर्षांतील मॉरिशसचे परिचित दृश्य आहे. पदवी हाती आली म्हणजे व्यवसायाचा अधिकार आला असे होत नाही. मेडिकल कौन्सिलची नोंदणी, त्यापूर्वीचे रुग्णालयातील प्रशिक्षण आणि परीक्षा हा सारा घाट चढावयाचा असतो. म्हणून ज्या विद्यापीठात जावयाचे त्याची पदवी कौन्सिल मान्य करते काय, आणि एच.एस.सी.ला कोणते विषय व कोणत्या श्रेणी असल्या पाहिजेत, हे कौन्सिलकडूनच लेखी विचारून घ्यावे. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाच्या तोंडी आश्वासनावर उसाचा अर्पां विकणे किंवा बँकेकडे घर गहाण टाकणे हा अविचार होय, आणि तो अविचार चांगल्या, समंजस घरांतही घडलेला आहे. नियम बदलत असतात. शेजारच्या मुलाला पाच वर्षांपूर्वी जे चालले ते आज चालेलच असे नाही. दंतवैद्यकासाठी डेंटल कौन्सिल, औषधनिर्मात्यांसाठी फार्मसी कौन्सिल, परिचर्येसाठी नर्सिंग कौन्सिल आहे, आणि भौतिकोपचारादी व्यवसायांसाठी २०१७ च्या कायद्याने स्वतंत्र कौन्सिल निर्माण झाले आहे. प्रत्येकाने आपापल्या दारी आधी चौकशी करावी.

शिकावयाचे कोठे, हा प्रश्न भाषेशीही निगडित आहे. व्याख्यान इंग्रजीत झाले तरी खाटेवरचा रुग्ण त्या देशाची भाषा बोलतो. चीन किंवा रशिया येथे जाणाऱ्याला ती भाषा नीट अवगत झाली नाही, तर तो पुस्तकी विद्या घेऊन येतो आणि रुग्ण तपासण्याचा सराव उणा राहतो. भारतात एम.बी.बी.एस.चा काळ अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. पुणे-मुंबईकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला घरी ऐकलेली भाषा उपयोगी पडते, जरी ती ऐकून तिकडचे लोक प्रथम थोडे चकित होतात. तेथील ‘नीट’ ह्या प्रवेशपरीक्षेची अट आपणांस कशी लागू होते, हे भारतीय उच्चायोगाकडे व संबंधित विद्यापीठाकडे विचारावे. आय.सी.सी.आर.च्या नेहमीच्या शिष्यवृत्त्यांत एम.बी.बी.एस. बसत नाही, हे पुष्कळांना अर्ज लिहावयास बसल्यावर कळते. आयुर्वेदादी शास्त्रांसाठी मात्र वेगळी ‘आयुष’ शिष्यवृत्ती आहे, आणि मॉरिशसमध्ये १९८९ च्या कायद्यान्वये आयुर्वेदीय चिकित्सेला मान्यता आहे. त्या मार्गाने जाणाऱ्याने त्या शास्त्राच्या ओढीने जावे. वैद्यकाचे दार बंद झाले म्हणून जाऊ नये.

घरी राहून शिकणेही आता कमी प्रतीचे राहिलेले नाही. २०१९ पासून सरकारी उच्चशिक्षणसंस्थांतील पहिली पदवी निःशुल्क झाली. रेद्वी येथील विद्यापीठात वैद्यकाचे व जैववैद्यक शास्त्रांचे शिक्षण मिळते, पॉलिटेक्निक संस्थेत परिचर्येची पदविका घेता येते. ज्या घरात दोघे-तिघे शिकणारे आहेत तेथे हा हिशेब मोठा आहे.

परिचर्येविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहे. मुलीने रात्रपाळी करावी आणि परक्याची मलमूत्रे उचलावी, ही कल्पना अनेक घरांना आजही रुचत नाही. मुलग्यांना तर हा पेशा आपला वाटतच नाही. वस्तुतः मॉरिशसच्या सरकारी रुग्णालयांत पुरुष परिचारक मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत. १९६० व १९७० च्या दशकांत, बेटावर नोकऱ्या मिळेनाशा झाल्या असता, असंख्य तरुण-तरुणी परिचर्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. शिकता शिकता वेतन मिळे. पुष्कळांना मनोरुग्णालयांत नेमीत, जेथे इंग्रज मुले जावयास तयार नसत. त्यांच्या धाडलेल्या पैशांवर इकडे भावंडे शिकली, काँक्रीटची घरे उठली. ह्या लोकांच्या छायाचित्रांवर घरोघर हार आहेत, आणि त्याच घरांतून नात परिचारिका होऊ म्हणाली तर कपाळाला आठी पडते!

आजही इंग्लंड व कॅनडा अनुभवी परिचारिकांना बोलावून नेतात, व तितकी इकडील वॉर्डांत उणीव पडते. जाणाऱ्यास दोष देता येत नाही. त्यांच्या आज्यापणज्यांनीही चार पैशांसाठीच समुद्र ओलांडला होता. पण येथे राहणाऱ्यास काम मिळेल काय, ही शंका वैद्यकाच्या पदवीधराला जितकी छळते तितकी परिचर्येच्या विद्यार्थ्याला छळण्याचे कारण नाही, आणि विशेष शिक्षण घेऊन डायलिसिस, अतिदक्षता किंवा प्रसूतिशास्त्र ह्यांत पुढे जाण्याची वाटही मोकळी आहे.

कॉलेजच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याने विषय निवडताना रसायनशास्त्र सोडू नये. जीवशास्त्र आवडते पण रसायन कठीण जाते म्हणून ते टाकणारे पुष्कळ असतात, आणि मग आरोग्यशास्त्रांची निम्मी दारे अठराव्या वर्षीच बंद होतात. त्याच्या जोडीला पदार्थविज्ञान किंवा गणित असावे. कोणते, हे इच्छित अभ्यासक्रमाची अट पाहून ठरवावे. क्रिओल तर येतेच. भोजपुरीही कानावर असू द्यावी, कारण खेड्यातल्या वृद्ध रुग्णाचे दुखणे पुष्कळदा त्याच भाषेत नीट सांगितले जाते.

एच.एस.सी.चा शेवटचा पेपर झाल्यावर निकाल लागेपर्यंत काही आठवडे मोकळे जातात. ज्याला ह्या क्षेत्रात यावयाचे आहे त्याने त्या दिवसांत कौन्सिलांना पत्रे लिहून टाकावीत, जन्मदाखला व गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात, आणि परवानगी मिळाल्यास जवळच्या आरोग्यकेंद्रात किंवा एखाद्या वृद्धाश्रमात सकाळचे चार तास हाताखाली काम करून पाहावे. जखमेचा वास सहन होतो की नाही, चिडलेल्या रुग्णाशी शांतपणे बोलता येते की नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळेल. आणि ते कळण्यास फीचा एक रुपयाही लागत नाही.