कार्टून नेमकं कुणासाठी?

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, घरात कार्टून लागलं की मोठी माणसं उठतात. ‘तुझं चालू दे’ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. कार्टून म्हणजे पोर गुंतवून ठेवायची सोय, एवढीच आपली समजूत. पण काही अ‍ॅनिमेशनपट असे असतात की उठलेला माणूस दारातच थबकतो आणि शेवटी पोराशेजारी येऊन बसतो. तो का बसतो, हा माझा आजचा प्रश्न.

नेहमीचं उत्तर असं, की पोरांसाठी पडापडी ठेवायची आणि मोठ्यांसाठी खोचक विनोद. २००१ सालचा ‘श्रेक’ बराचसा या धाटणीचा. मजा येते, नाही असं नाही. पण तिथं एकाच पडद्यासमोर दोन वेगळे प्रेक्षक बसलेले असतात. बाप हसतो, पोरगं विचारतं, ‘काय झालं?’ आणि बाप म्हणतो, ‘काही नाही.’ हे काही एकत्र पाहणं नव्हे.

आपल्याकडचा दाखला घ्या. औंढा नागनाथ इथून जवळच, आणि नामदेव महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे. कीर्तन करताना त्यांना देवळापुढून उठवलं, ते मागं गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथं कुणाला सांगायला नको. ती ऐकताना मांडीवरचं पोर डोळे विस्फारतं, कारण देऊळ फिरलं! शेजारचं म्हातारं माणूस मात्र ‘मागं जा’ या शब्दांपाशी अडकतं. त्यालाही कधीतरी कुणीतरी मागं जा म्हटलेलं असतं. इथं पोरासाठी एक आणि म्हाताऱ्यासाठी दुसरी अशा दोन गोष्टी नाहीत बरं का. घटना एकच आहे, ज्याच्या त्याच्या वयाइतकी खोल.

‘एक अनेक और एकता’ तुमच्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिलं असेल. १९७४ सालची फिल्म्स डिव्हिजनची ही छोटी फिल्म. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. पाखरं दाणे टिपायला येतात, जाळ्यात सापडतात, जाळ्यासकट उडतात आणि मित्र उंदीर जाळं कुरतडतात. पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कबुतराचीच ही गोष्ट. पोराला जाळ्यासकट उडणं आवडतं. शेतकऱ्याला, माझा अंदाज सांगतो, आधी ते दाणे दिसतात. फुकट दाणे पसरलेले दिसले की तो सावध होतो.

आता २०१७ चा ‘कोको’. मेक्सिकोतला मिगेल नावाचा मुलगा पूर्वजांच्या जगात जाऊन पोचतो. तिथला नियम असा, की जिवंत माणसांपैकी कुणालाच आठवण उरली नाही तर मेलेला माणूस तिथूनही नाहीसा होतो. आपण पितृपक्षात पान वाढतो, पण पणजोबांच्या मागचं नाव किती जणांना येतं? इकडे मिगेलच्या पणजीची, कोकोची, स्मृती विरत चालली आहे. तो गिटार घेऊन तिच्या बापाचं गाणं तिला ऐकवतो आणि ती हळूहळू त्यात सूर मिसळते. आजीला भीती असते, आपण विसरत चाललो. नातवाला भीती असते, आजी मला विसरेल. त्या क्षणी दोघं एकाच गोष्टीला घाबरलेले असतात, आणि पडदा त्यांना शेजारी बसवून ती दाखवतो. एरवी आपल्या घरात मरणाचा विषय निघाला की पोरांना बाहेर पिटाळतात. पण त्यांचे प्रश्न काही बाहेर जात नाहीत.

हे चित्रातच का साधतं? नटाचा चेहरा त्या नटाचाच राहतो. चार रेषांच्या चेहऱ्यात आपली आजी मावते. शिवाय चित्रातलं देऊळ फिरलं तर ‘कसं काय?’ असं मोठा माणूसही विचारत नाही. त्याची हुशारी घटकाभर गप्प बसते. २००९ च्या ‘अप’मध्ये सुरुवातीलाच एका जोडप्याचा अख्खा संसार, मूल न होणं, बायकोचं जाणं, हे सारं सुमारे चार मिनिटांत आणि संवादाशिवाय येतं. भाषणबाजी असती तर पोरं कंटाळली असती, आणि खरं सांगायचं तर मोठेही.

आपल्याकडे काढताना मात्र पोरांना उपदेश हवाच, असं धरून चालतात. प्रत्येक प्रसंगाखाली बोधाची पाटी! त्यानं पोर ऐकत नाही आणि आजोबा पेपर उघडतात.

असो. पडदा लावलेलाच आहे. ‘एक अनेक’ सातेक मिनिटांचीच आहे. पोरांना पुढं बसू द्या, पण आज्यांनो, तुम्हीही त्यांच्याजवळ सरका. दिवे मालवा कुणीतरी.