दादांच्या चालीने पाचगणी

‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो.’ सहलीचा विषय निघाला की घरातील ज्येष्ठांच्या तोंडून हे वाक्य हमखास येते. आपण थोडा आग्रह करतो, ते पुन्हा नकार देतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु या वाक्याचा अर्थ ‘मला यायचे नाही’ असा क्वचितच असतो. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, वाटेत लघवीची सोय नसली तर काय करू, पायऱ्या चढवल्या नाहीत तर चारचौघांत शोभा होईल, अशा अनेक धास्ती त्यामागे दडलेल्या असतात. त्या कोणी विचारत नाही आणि ज्येष्ठही आपण होऊन सांगत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आम्ही माझ्या वडिलांना, दादांना, असाच आग्रह करून पाचगणीला नेले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. रक्तदाबाचे औषध चालू होते, गुडघे कुरकुरत होते. एरवी प्रकृती ठीक होती. शनिवारी पहाटे निघायचे आणि दिवसभरात पाच ठिकाणे पाहायची, असा आमचा बेत. दुपारी टेबललँडच्या पठारावर चालताना दादा एकाएकी थांबले, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते आहे’ म्हणाले आणि तेथेच मातीत बसले. गावातील डॉक्टरांनी तपासताना पहिलाच प्रश्न विचारला, ‘सकाळपासून पाणी किती प्यायलात?’ दादांनी मान खाली घातली. गाडी वारंवार थांबवावी लागू नये म्हणून त्यांनी सकाळच्या चहानंतर घोटभरही पाणी घेतले नव्हते. रक्तदाबाची, लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी मात्र नेमाने घेतली होती.

सुदैवाने संध्याकाळपर्यंत त्यांना बरे वाटले. पण त्या रात्री माझ्या लक्षात आले, की बेत आखताना आम्ही नकाशा पाहिला, निवास पाहिला, खाण्याची ठिकाणे पाहिली. दादांना मात्र एकही प्रश्न विचारला नाही. पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा पाचगणीलाच गेलो. त्या वेळी बेत दादांच्या चालीने आखला. त्या अनुभवातून हाती आलेले येथे मांडतो आहे. तुम्ही स्वतः ज्येष्ठ असाल किंवा ज्येष्ठांची काळजी वाहणारे असाल, तुमच्या घरच्या गरजेनुसार त्यात फेरफार करून घ्या.

पाचगणीच का?

सातारा जिल्ह्यात, वाई आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर हे लहानसे गाव वसले आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरातील ही जागा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथे वस्ती वाढवली. रस्त्याच्या दुतर्फा दिसणारे सिल्व्हर ओकचे उंच वृक्ष त्या काळाची आठवण देतात.

आरोग्याशी या गावाचे नाते जुने आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर पावसाचा मोठा वाटा झेलते; त्याच्या पूर्वेला असलेल्या पाचगणीत पाऊस कितीतरी कमी पडतो आणि हवा तुलनेने कोरडी राहते. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध हाती येण्यापूर्वी शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचाराचा मुख्य आधार होता. त्या काळात डॉ. बिलिमोरिया यांनी येथे बेल-एअर हे क्षयरुग्णांसाठीचे आरोग्यधाम उभारले. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर प्रकृती खालावलेले गांधीजीही त्याच वर्षी जुलै महिन्यात येथे विश्रांतीसाठी राहिले होते. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. सांगायचे एवढेच, की या गावात धावपळ करण्यापेक्षा निवांत बसण्याची परंपरा अधिक जुनी आहे. आपणही तीच पाळावी.

उंचीमुळे होणारा त्रास सर्वसाधारणपणे २५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो; त्यामुळे पाचगणीच्या उंचीचे भय बाळगण्याचे कारण नाही. मात्र हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल, घरी ऑक्सिजन लागत असेल अथवा अलीकडेच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांचा होकार घेतल्यावाचून निघू नये.

दिवस कोणते निवडावेत?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हे दिवस ज्येष्ठांना सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा दमेकऱ्यांना आणि हृदयरुग्णांना त्रासदायक ठरू शकतो. नाताळात आणि मे महिन्यात गर्दीमुळे घाटात वाहने तासन्‌तास अडकतात. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण धुके आणि निसरड्या पायऱ्या यांचा मेळ वृद्धांना मानवत नाही. सर्वजण निवृत्त असतील तर शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधले दिवस घ्यावेत. नोकरी करणाऱ्यांनी शुक्रवारची रजा काढावी. दोन मुक्कामांमुळे मधला शनिवार पूर्ण मोकळा मिळतो. एका मुक्कामात मात्र प्रवासाचाच शीण पदरी पडतो.

निघण्यापूर्वी

आठवडाभर आधी ज्येष्ठांसह निवांत बसा आणि स्पष्ट विचारा : किती वेळाने थांबायला हवे? सलग किती चालता येते? कशाची काळजी वाटते? हे प्रश्न सगळ्यांसमोर न विचारता एकांतात विचारावेत. दादांनी लघवीची अडचण मला सांगितली ती अंगणात, दोघेच असताना.

त्यानंतर डॉक्टरांना भेटा. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी, हे त्यांनाच विचारावे. ती आपल्या मनाने बंद करू नये आणि पाणीही तोडू नये. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी घेत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर तीच पाळावी. घाटात मळमळू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते किंवा लघवी अडते. त्यामुळे अशी गोळीही विचारूनच घ्यावी.

तीन दिवसांचा प्रवास असेल तर पाच दिवसांची औषधे घ्या. ती सामानाच्या डिकीत न टाकता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहू देऊ नका. त्यासाठी थंडावा टिकवणारी पिशवी मिळते. एका कागदावर आजार, औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहून त्याची एक प्रत ज्येष्ठांच्या खिशात ठेवा. चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कानटोपी, पायमोजे, घट्ट बसणाऱ्या तळव्यांचे बूट आणि काठी विसरू नये. काठी वापरण्यात कमीपणा नाही. उतारावर गुडघ्यांवर येणारा भार ती हलका करते.

निवासस्थानी दूरध्वनी करून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. खोली तळमजल्यावर आहे का आणि गाडी थांबते तेथून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? कमोड आहे का आणि त्याशेजारी धरायला दांडी आहे का? गरम पाणी कोणत्या वेळेत मिळते? साधा वरण-भात, मऊ खिचडी मिळेल का? छायाचित्रांत बाग दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. पहिल्या वर्षी आमच्या खोलीपर्यंत बावीस पायऱ्या होत्या, हे आम्हाला तेथे पोहोचल्यावर कळले.

वाटेत

पाचगणी पुण्याहून सुमारे १०० आणि मुंबईहून सुमारे २५० किलोमीटर दूर आहे. दर दीड तासाने थांबा. पाय मोकळे करणे केवळ आरामासाठी नसते. बराच वेळ पाय लोंबकळत बसल्यास ते सुजतात आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. बसल्या जागीही घोटे वर-खाली हलवत राहावेत. थांबण्याची घोषणा ज्येष्ठांच्या नावाने करू नये. ‘मला चहा हवा आहे’ असे तुम्हीच म्हणावे; त्यांचा संकोच आपोआप गळून पडतो.

घाट चढण्याआधी वाईला अर्धा-पाऊण तास विसावा घ्यावा. कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचे दर्शन होते, पाय मोकळे होतात आणि पुढच्या पसरणी घाटासाठी मनाची तयारीही होते. घाटात ज्येष्ठांना पुढच्या आसनावर बसवा, काच थोडी उघडी ठेवा आणि त्यापूर्वी भरपेट जेवण टाळा. एस. टी. ने जाणार असाल तर राज्यात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास विनामूल्य आहे आणि ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे पडते. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ हवा.

दिवसाला एकच ठिकाण

शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावे आणि त्या दिवशी काहीही पाहू नये. खोलीची ओळख करून घ्यावी. स्नानगृहाचा दिवा कोठे आहे, उंबरा किती उंच आहे, फरशी ओली झाली तर निसरडी होते का, हे उजेडीच पाहून ठेवावे. परक्या खोलीत रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका मोठा असतो. एक लहान दिवा रात्रभर चालू ठेवा आणि पलंगापासून स्नानगृहापर्यंतच्या वाटेत पिशव्या, चपला पडू देऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला नव्या जागी संध्याकाळनंतर अधिक गोंधळल्यासारखे होते. घरची उशी, नेहमीची चादर आणि परिचित माणूस जवळ असू द्यावा.

शनिवारी नाश्ता आणि औषधे झाल्यावर टेबललँडला जावे. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण पठार माथ्यावर बहुतांशी सपाट आहे आणि वर जाण्यासाठी रस्ता आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही डोंगरमाथ्यावर चालण्याचे सुख मिळते. घोडे धावतात ती बाजू टाळा, कड्याच्या काठापासून दूर राहा, डोक्याला टोपी असू द्या. किती चालायचे हे ज्येष्ठांनी ठरवावे, आणि निम्मी शक्ती शिल्लक असतानाच मागे वळावे, कारण गेलो तेवढेच अंतर परतायचे असते. चालताना बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. वाक्य तुटू लागले की थांबायची वेळ झाली. छातीत दुखणे, दरदरून घाम, एकाएकी धाप किंवा बोलण्यात अडखळणे जाणवले, तर विश्रांतीने बरे वाटेल म्हणून थांबू नका; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दुपारी जेवण आणि झोप. संध्याकाळी मन झाले तर गाडीने पारसी पॉइंटपर्यंत जावे. तेथून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. मन झाले नाही तर अंगणात खुर्च्या टाकून बसावे. तीही सहलच आहे.

रविवारी सकाळी जवळचे भिलार गाठता येते. मे २०१७ पासून हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे घराघरांत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणालाही बसून ती विनामूल्य वाचता येतात. चालण्याची दगदग नाही, गर्दीचा रेटा नाही. हंगाम असेल तर स्ट्रॉबेरीची चव घ्यावी. मधुमेह असल्यास ताजे फळ मोजके खावे, साय आणि साखर घातलेला पेला इतरांना द्यावा. दुपारचे जेवण लवकर उरकून उन्हे असतानाच घाट उतरावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

एक गोष्ट तुमच्यासाठी. वर्षभर औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या मुलीने, सुनेने किंवा पत्नीने सहलीतही तेच काम करायचे असेल, तर ती तिची सहल ठरत नाही. निघण्याआधीच पाळ्या वाटून घ्या. एका दुपारी दुसऱ्या कोणीतरी ज्येष्ठांजवळ बसावे आणि तिला एकटीने फिरू द्यावे. ज्येष्ठांनाही एखादे काम सोपवावे. दुसऱ्या सहलीत दादांकडे आम्ही वेळापत्रकाची वही दिली होती. गाडी केव्हा थांबवायची, कोठून परत फिरायचे, हे तेच सांगत. मागच्या वर्षी ज्यांच्यामुळे खोळंबा होईल अशी त्यांना स्वतःलाच भीती होती, त्यांच्याच शब्दावर आता सगळे थांबत होते.

त्या वेळी आम्ही पाचांपैकी दोनच ठिकाणे पाहिली. शनिवारी सकाळी दादा टेबललँडवर वीस मिनिटे चालले आणि आदल्या वर्षी जेथे मातीत बसले होते, त्याच्या आसपास उभे राहून त्यांनी पाण्याची बाटली मागून घेतली. घरी परतल्यावर ती वही त्यांनी मला परत दिली नाही. शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवले होते : ‘पुढल्या खेपेला भिलारला दीड तास जास्त.’