गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडू नका, आधी सीट तपासा

नववीतली एक मुलगी सलग तीन दिवस गैरहजर होती. चौथ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आई म्हणाली, "टीचर, सायकलीने हिचे घुटने लई दुखते. रिक्षा परवडत नाही. आता घरीच राहू दे, म्हणतात हिचे अब्बू."

घर शाळेपासून चार किलोमीटर लांब. मुलगी वर्गात हुशार. मी म्हटलं, आधी सायकल तर बघू. सायकल नवीच होती, ब्रेकही ठीक होते. फक्त सीट अगदी खाली, फ्रेमला टेकलेली. 'पोरगी पडू नये' म्हणून मामाने प्रेमाने तशी करून दिली होती. पेडल मारताना तिचे गुडघे पोटाजवळ येत होते. जवळच्या दुकानातून पाना मागवला आणि सीट वर घेतली. आठवड्याभरात दुखणं कमी झालं. शाळा सुटली नाही.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. कुणी विकत घेतात, कुणी भावाची जुनी वापरतात. सायकल कुठूनही येवो, ती मुलीच्या मापाला बसवणं हे घरच्यांचं काम आहे. शिवलेला ड्रेस जसा अंगाला नीट बसावा लागतो, तशीच सायकलही.

सीट किती उंच हवी?

मुलीला सीटवर बसवा, सायकल कुणीतरी धरा. एक पेडल सर्वात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना टाच नाही, पंजाचा पुढचा भाग पेडलवर ठेवायचा, म्हणजे गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो.

सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो, वाटीवर ताण येतो आणि पुढच्या बाजूने दुखतं. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते, गुडघ्याच्या मागे ओढ बसते.

यात एक अडचण येते. योग्य उंचीवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत. म्हणूनच भीतीपोटी सीट खाली ठेवली जाते. थांबताना ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकवायचा, हे मोकळ्या मैदानात शिकवा. मूल नवशिकं असेल तर घाई नको, दर काही दिवसांनी एकेक बोट सीट वाढवा. सीटच्या दांड्यावर खूण असते, त्या खुणेच्या वर दांडा कधीच ओढू नका.

बसायला त्रास होतो, हात बधिर होतात

सीट साधारण सपाट हवी. पुढचं टोक वर असेल तर नाजूक जागी दाब येतो. मुली हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून अम्मीने स्वतःहून विचारावं. टोक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं, सगळा भार हातांवर येतो आणि पंजे बधिर होतात. हँडलही इतकं लांब किंवा खाली नको की पाठ वाकवावी लागेल. कोपर थोडं सैल राहिलं पाहिजे.

जाड फोमचं कव्हर घातलं की सगळं सुटतं असं नाही. त्यात अंग रुतून उलट घासतं. कव्हर घातलंच तर सीटची उंची पुन्हा तपासा, कारण तेवढी ती वाढलेली असते.

हवा आणि तेल

हवा कमी असली की सायकल जड जाते, खड्ड्यात ट्यूबही चिमटते. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. पंक्चर नसलं तरी हवा हळूहळू जातेच, वॉलट्यूब कुजली असेल तर लवकर जाते. आठवड्यातून एकदा भरायची सवय लावा.

चेन कापडाने पुसून शिलाई मशीनचं तेल थेंब-थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून घ्या. स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

ओढणी, बुरखा, दप्तर

हा विषय आरामाचा नाही, जिवाचा आहे. लोंबणारी ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात गेला की सायकल जागीच थांबते आणि मूल पडतं. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या. ओढणीची टोकं पिनेने अडकवा, घेर आवरून पुढे घ्या. दप्तर हँडलला लटकवू नका, तोल जातो. कॅरिअरवर घट्ट बांधा, पाठीलाही आराम मिळतो.

सगळं नीट करूनही दोन-तीन आठवडे दुखतच राहिलं, किंवा गुडघा सुजला, तर डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. एक पाना, एक पंप आणि सायकल धरायला कुणीतरी, एवढंच लागतं. मुलं वाढत असतात, म्हणून दर सहा महिन्यांनी सीट पुन्हा बघा. आणि एखाद्या मुलीने "सायकल नको" म्हटलं, तर तिला आळशी म्हणण्याआधी कुठे दुखतं ते विचारा.