बाबांचा जुना फोन मुलाला देण्याआधी

मध्यंतरी आमच्या ओपीडीत सहावीतला एक मुलगा आला. तक्रार डोकेदुखीची, दोन महिन्यांपासूनची. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, आता सीटी स्कॅन करून टाकावा असे आईवडिलांच्या मनात होते. (सकाळी उठताच उलटी, तोल जाणे, दुहेरी दिसणे, झोपेतून जाग येईल इतके डोके दुखणे, यांपैकी काही असेल तर स्कॅनला उशीर करू नये. या मुलाला यातले काहीच नव्हते.) मी विचारले, "रात्री झोपतोस किती वाजता?" तो आईकडे बघू लागला. आई म्हणाली, "दहाला दिवा बंद करतो आम्ही." दिवा बंद होत होता हे खरेच. फोन मात्र पांघरुणात एक वाजेपर्यंत चालू असायचा आणि सातच्या शाळेसाठी सहाला उठणे ठरलेले.

फोन वडिलांचाच जुना. त्यांनी नवा घेतला, जुन्यात वेगळे सिम घालून मुलाला दिला. क्लास लांब, पोहोचल्यावर कळवता यावे एवढाच हेतू. "आम्ही लॉक लावलाय ना, सर," वडील म्हणाले. ते लॉक म्हणजे पडदा उघडण्याचा पॅटर्न, आणि तो अर्थातच मुलाला माहीत होता. खरी अडचण वेगळीच होती. फोनमध्ये खाते अजून वडिलांचेच होते. म्हणजे फोनच्या लेखी समोर बसलेला माणूस चाळिशीतला! त्याला दिसणारे व्हिडिओ, जाहिराती आणि गेम त्याच हिशेबाने येत होते. अशा खात्यात एखादे कार्ड जतन केलेले असेल, तर पैसे जायलाही वेळ लागत नाही.

सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक घरांत मुलाचा पहिला फोन हा असाच उतरलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करावी. फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या, आपल्या गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना याची खात्री करा आणि मग सेटिंगमध्ये जाऊन फोन 'फॅक्टरी रीसेट' करा. त्यानंतर मुलाच्या खऱ्या जन्मतारखेवर त्याचे स्वतःचे खाते उघडा. १३ वर्षांखालील मुलाचे गुगल खाते पालकाच्या संमतीनेच उघडते. 'फॅमिली लिंक' हे मोफत अॅप आपल्या फोनवर घेतले की त्या खात्याच्या किल्ल्या आपल्याकडे राहतात. तारीख खोटी टाकून काम लवकर उरकते, पण मग संरक्षणही गळून पडते. आयफोन असेल तर हीच सोय 'स्क्रीन टाइम' या नावाने सेटिंगमध्येच मिळते.

आता आत काय काय लावायचे? फॅमिली लिंकमध्ये बरेच पर्याय आहेत आणि पालक एका बैठकीत सगळेच दाबून मोकळे होतात. मी डॉक्टर म्हणून आधी एकच सांगतो : रात्र बंद करा. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचे तर नऊला झोप लागलेली हवी, म्हणजे फोन आठ-साडेआठलाच कुलूपबंद व्हायला हवा. पडद्याच्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारे संप्रेरक दबते आणि मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा जास्त दबते. पण माझ्या मते प्रकाशापेक्षाही 'अजून एक व्हिडिओ' हाच झोपेचा मोठा शत्रू. झोपेचे महत्त्व ओळखूनच राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. सहावीतल्या मुलाला मात्र त्याचा उपयोग नाही. रात्रीच्या कुलपातही आलेला फोन उचलता येतो, त्यामुळे 'गरज पडली तर?' ही भीती बाळगू नये. चार्जर मात्र स्वयंपाकघरात ठेवा. सेटिंग चुकते, भिंतीतला प्लग चुकत नाही.

दुसरे म्हणजे, नवे अॅप आपल्या मंजुरीशिवाय उतरू नये आणि खरेदीला पासवर्ड लागावा. दिवसाचे तास ठरवताना भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला लक्षात ठेवा : ५ ते १० वयात दोन तासांपेक्षा कमी, आणि त्यात टीव्हीही आला. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आपल्याच फोनवर असू द्या. व्हॉट्सअॅपचे किमान वयच १३ आहे आणि त्यातल्या संभाषणात काय येते ते फॅमिली लिंकला दिसत नाही.

एवढे करूनही मुले वाट काढतात. आजीच्या फोनला कुलूप नसते. पिन म्हणून आपलीच जन्मतारीख ठेवली असेल तर ती दुसऱ्या दिवशी ओळखली जाते. म्हणून हे सगळे मुलाला शेजारी बसवून, दाखवून लावा. गुपचूप लावलेली नजर उघडी पडते, तेव्हा मूल फोन बदलत नाही, लपवण्याची जागा बदलते. नियम घरच्या मोठ्यांनाही हवेत. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे ठरले, मुलांसकट मोठ्यांचेही. भोंगा नसला तरी जेवणाच्या ताटाशी वडिलांचा फोन नसावा, इतके जमू शकते.

एक गोष्ट मात्र कोणत्याच सेटिंगमध्ये नाही. नववीतली एक मुलगी वारंवार पोटात दुखते म्हणून आमच्याकडे येत होती. सोनोग्राफी नॉर्मल. तिसऱ्या भेटीत, आईला बाहेर बसवल्यावर, ती बोलली. एका अनोळखी माणसाने मैत्री करून फोटो मागितला होता आणि आता तो धमक्या देत होता. तीन आठवडे तिने हे कुणालाच सांगितले नव्हते. का, असे विचारले तर म्हणाली, "पप्पा फोन काढून घेतील." आम्ही पोलिसांना कळवले, समुपदेशक बाईंनी घरच्यांशी बोलून घेतले, पोटदुखी हळूहळू थांबली. पण ते तीन आठवडे ती एकटीच होती. तेव्हापासून मी पालकांना सांगतो, फोन हातात देतानाच मुलाला शब्द द्या : काहीही विचित्र घडले आणि तू येऊन सांगितलेस, तर फोन जाणार नाही आणि मारही बसणार नाही. आणि तो शब्द पाळा.

त्या सहावीतल्या मुलाला मी एकही गोळी दिली नाही. तीन आठवड्यांनी आला तेव्हा डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या वेळी होत होती. फोन रात्री स्वयंपाकघरात राहत होता. यावर तो खूश नव्हता, हे त्याने मला स्पष्ट सांगितले. निघताना मी त्याच्या फोनमध्ये दोन क्रमांक घालून दिले : मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०.