जुनी प्रत पुसली, तरी जागा कां मिळत नाहीं?

गेल्या मार्च महिन्यांतील गोष्ट. शाळेच्या कचेरींतील संगणकावर तुमच्या गुणपत्रिका, दाखल्यांच्या नोंदी, फीचा हिशेब व स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें सांठविलेलीं असतात. या सर्वांची एक जादा प्रत, म्हणजे बॅकअप, रोज रात्रीं निराळ्या डिस्कवर घेण्याचें काम कांहीं वर्षांपासून माझ्याकडे आहे. वार्षिक परीक्षेचे गुण भरण्याच्या ऐन वेळीं त्या डिस्कवर जागा उरली नाहीं, अशी सूचना पडद्यावर झळकली. मीं सर्वांत जुनी प्रत पुसून टाकली. तिचा आकार ३०० जीबी असा दाखविलेला होता. पण मोकळी झालेली जागा पाहतों, तों शून्य! दुसरी प्रत पुसली, तरी तीच गत. तेव्हां मनांत आलें कीं, डिस्क उघडून जुन्या तारखांच्या फायली हातानेंच काढून टाकाव्या. तसें केलें असतें, तर त्या रात्रीं शाळेच्या नोंदींची एकहि प्रत धड राहिली नसती. असें कां झालें असतें, हें तुम्हीं समजून घ्यावें. आणि ज्या घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें आतां संगणकावरच राहतात, तेथील पालकांनींहि तें जाणून घ्यावें, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम असा बॅकअप कसा ठेवतात तें पाहूं. समजा, तुमच्या वहींत १०० पानें लिहिलेलीं आहेत, व तुम्ही रोज एक नवें पान लिहितां. रोज सगळी वही उतरून ठेवली, तर ३० दिवसांत ३,४३५ पानें उतरावीं लागतील. त्याऐवजीं एक युक्ति करतां येईल. पहिल्या दिवशीं १०० पानांची एकेक नक्कल एका पेटींत टाकावी, प्रत्येकीवर क्रमांक घालावा, व त्या क्रमांकांची यादी करावी. दुसऱ्या दिवशीं नवें पान तेवढें पेटींत टाकावें. यादी मात्र पुन्हां संपूर्ण, म्हणजे १०१ क्रमांकांची, करावी. यादी हातीं असली म्हणजे त्या त्या दिवशींची वही पेटींतून जशीच्या तशी जुळवितां येते. ३० दिवसांनीं पेटींत केवळ १२९ पानें असतील. एकच मजकूर दोनदां न सांठविण्याच्या या पद्धतीस डेडुप्लिकेशन म्हणतात.

संगणक पानांऐवजीं मजकुराचे तुकडे पाडतो, व गणिती क्रियेनें प्रत्येक तुकड्याचा ठसा काढतो. जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ नांवाच्या रीतीनें हा ठसा ३२ बाईटांचा होतो, मग तुकडा कितीहि मोठा असो. दोन निराळ्या तुकड्यांचा ठसा एकच येण्याचा संभव इतका अल्प आहे कीं, व्यवहारांत तो नाहींच असें धरतात. तुकडे सारख्या लांबीचे पाडले, तर मात्र एक अडचण येते. फायलीच्या आरंभीं एक अक्षर घातलें कीं पुढील सर्व मजकूर सरकतो, व सगळे ठसे बदलतात. म्हणून मजकूर पाहूनच तो कोठें तोडावा हें ठरविण्याची रीत निघाली. मायकेल रॅबिन यांनीं १९८१ सालीं मांडलेलें गणित त्या कामीं आलें. एमआयटी व न्यूयॉर्क विद्यापीठ येथील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एलबीएफएस या व्यवस्थेंत त्याचा उपयोग केलेला आहे. अशा रीतीनें तोडलें असतां, एक अक्षर वाढल्यास त्याच्या आसपासचे तुकडे तेवढे बदलतात.

आतां पुसण्याकडे वळूं. वरील उदाहरणांत पहिल्या दिवशींची यादी फाडून टाकली, तर पेटींतील किती पानें काढतां येतील? एकहि नाहीं! कारण तीं शंभरहि पानें पुढील २९ याद्यांत आहेत. मध्यंतरीं एखादें पान खोडून नव्यानें लिहिलें असेल, तर त्याचें जुनें रूप तेवढें टाकतां येईल. आणि तेंहि पहिल्या दोन याद्यांत असेल, तर त्या दोन्ही गेल्यावरच. म्हणून प्रत्येक प्रतीला दोन आकार असतात: एक सर्व मजकुराचा, व दुसरा केवळ तिच्या एकटीच्या मालकीच्या तुकड्यांचा. बोर्ग या प्रणालींत हे दोन्ही आंकडे दाखविलेले असतात. मी पहिला आंकडा वाचून हुरळलों. सुटणारी जागा दुसऱ्यावरून कळते. हातानें फायली काढणें घातक कां, तेंहि यावरून ध्यानांत येईल. पेटींतील सर्वांत जुनें पान हेंच पुष्कळदां सर्वांत अधिक याद्यांत असतें. तारीख जुनी म्हणून तें फेंकलें, तर कालची वहीहि अपुरी राहील.

मग टाकाऊ तुकडे ओळखावे कसे? याच्या दोन रीती आहेत, व दोन्ही १९६० सालीं, संगणकाच्या स्मृतीची व्यवस्था लावण्यासाठीं, प्रसिद्ध झाल्या. जॉर्ज कॉलिन्स यांच्या रीतींत प्रत्येक तुकडा किती ठिकाणीं लागतो याची मोजणी ठेवतात; मोजणी शून्यावर आली कीं तुकडा टाकाऊ. ही रीत तत्पर खरी. पण मध्येंच वीज जाऊन मोजणी चुकली, तर हवा असलेला तुकडाहि फुकट जाईल. जॉन मॅकार्थी यांच्या रीतींत उरलेल्या सर्व याद्या वाचून, त्यांत आलेल्या प्रत्येक तुकड्यावर खूण करतात, व बिनखुणेचे तुकडे शेवटीं झाडून टाकतात. हिला वेळ अधिक लागतो. शिवाय खुणा चालू असतां नवी प्रत लिहिली जाऊं लागली, तर नुकताच आलेला तुकडा बिनखुणेचा राहून केरांत जाण्याचें भय असतें. म्हणून झाडलोट व नवा बॅकअप एकाच वेळीं होऊं नयेत, अशी खबरदारी घ्यावी लागते.

तुकडे सुटे न ठेवतां बहुधा गठ्ठ्यांत बांधून ठेवतात. गठ्ठ्यांतील १० पैकीं ३ तुकडे टाकाऊ झाले, तर उरलेले ७ नव्या गठ्ठ्यांत उतरावे लागतात, व तो नीट लिहिला गेल्यावरच जुना गठ्ठा नष्ट करतां येतो. यादी पुसणें हें एक काम, व जागा सोडविणें हें दुसरें, तें यामुळेंच. रेस्टिक या प्रणालींत पहिल्यास ‘फर्गेट’, म्हणजे विसरणें, व दुसऱ्यास ‘प्रून’, म्हणजे छाटणें, असें म्हणतात. बोर्गमध्यें मात्र ‘प्रून’ या आज्ञेनें याद्याच कमी होतात, व २०२२ सालीं निघालेल्या १.२ या आवृत्तीपासून जागा सोडविण्यास ‘कॉम्पॅक्ट’ ही निराळी आज्ञा द्यावी लागते. माझी दुसरी चूक येथेंच झाली: याद्या पुसल्या, पण झाडलोट केलीच नाहीं. सगळाच केर काढावा असेंहि नाहीं. निराळें सांगितलें नसल्यास रेस्टिक ही प्रणाली सांठ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत केर राहूं देते. कारण तेवढ्यासाठीं गठ्ठे पुन्हां बांधण्याचा खटाटोप परवडत नाहीं.

घर झाडावयाचें तर सामान हलविण्यास अंगण लागतें. डिस्क कांठोकांठ भरल्यावर नवा गठ्ठा लिहिण्यास, इतकेंच काय पण पुसल्याची नोंद करण्यासहि, जागा उरत नाहीं, व जागा सोडविण्याचें कामच अडून बसतें. यास्तव पांचवा हिस्सा मोकळा आहे तोंच छाटणी करावी. काय ठेवावें याचा नियमहि आधींच ठरवावा. गेल्या ७ दिवसांच्या रोजच्या, ४ आठवड्यांच्या आठवड्यास एक, व १२ महिन्यांच्या महिन्यास एक, अशा प्रती ठेवणें पुष्कळांस सोयीचें पडतें. कालची चूक लगेच ध्यानांत येते, जुनी क्वचितच शोधावी लागते. दाखल्यांसारख्या कायमच्या नोंदी मात्र या नियमांतून वगळाव्या. आणखी हें लक्षांत असावें कीं, संगणकावरील मूळ फाईल पुसली, तरी जोंवर ती एखाद्या जुन्या यादींत आहे, तोंवर बॅकअपमधील तिची जागा सुटत नाहीं.

या पद्धतींत एक मोठा धोकाहि आहे. एकच तुकडा शंभर प्रतींस पुरतो. तो बिघडला, तर शंभरहि प्रतींत खोट येते. त्या रात्रीं मला हें उमगलें, तेव्हां मीं पुसण्याचें काम थांबविलें. दुसऱ्या दिवशीं नवी डिस्क आणून सर्व सांठा तिच्यावर उतरला, तो तपासला, व त्यांतून दोन वर्गांच्या गुणपत्रिका परत काढून मूळ कागदांशीं ताडून पाहिल्या. मगच नियमाप्रमाणें याद्या कमी केल्या, व रात्रभर झाडलोट चालूं दिली. सकाळीं डिस्कचा चौथा हिस्सा मोकळा झालेला होता. ती नवी डिस्क आतां शाळेबाहेर, दुसऱ्या इमारतींत ठेवलेली आहे.

तुमच्या घरीं असा प्रसंग आला, तर घाईनें कांहीं पुसूं नका. आधीं दुसरी प्रत करा, तींतून एखादी फाईल परत काढून पाहा, मग यादी कमी करा, आणि शेवटीं झाडलोट करा. हा क्रम जो मोडील, त्याला जागा मिळेलहि. पण ज्यासाठीं ती हवी होती, तें हातचें गेलेलें असेल.