थकलेले हृदय आणि पेशींचे ग्राही

‘हार्ट फेल झालं’ असे कुणी म्हटले की आपण ती मृत्यूची बातमी समजतो. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा मात्र रोगी जिवंत असतो. त्याचे हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नसते. चालताना धाप लागते, पाय सुजतात, झोपताना उशाला उशी वाढवावी लागते. मराठी माध्यमाच्या वर्गात जीवशास्त्र शिकवताना मी म्हणूनच ‘हृदयाची दुर्बलता’ असा शब्द वापरतो. दुर्बल झालेल्याला जपता येते, हे त्या शब्दातच येते.

हे जपणे कसे, हे समजण्यासाठी पेशीच्या दारापर्यंत जावे लागते. हृदयाच्या स्नायुपेशींच्या आवरणात विशिष्ट प्रथिने रोवलेली असतात. त्यांना रिसेप्टर, म्हणजेच ग्राही म्हणतात. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचे आल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. हृदयात प्रामुख्याने बीटा-१ हे ग्राही असतात. नॉरॲड्रेनलिन त्यांना चिकटले की निरोप आत जातो, पेशीत कॅल्शियम वाढते आणि ठोका जलद व जोरकस होतो. जिना चढताना हीच व्यवस्था आपल्या कामी येते.

दुर्बल हृदयात हीच व्यवस्था उलटते. रक्त कमी पडते म्हणून मज्जासंस्था हृदयाला हाक मारते, आणि ती हाक महिनोन्‌महिने थांबत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, तसे पेशीचे होते. ती काही ग्राहींचा निरोप तोडते, काहींना आत ओढून घेते. मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले, की अशा हृदयांत बीटा ग्राही जवळजवळ निम्म्याने घटलेले असतात. शिवाय सततच्या उत्तेजनाने पेशी मरतात आणि हृदय पसरट होत जाते.

मग थकलेल्या हृदयाला आणखी चेतवावे, की हाकच मंद करावी? जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा ग्राही अडवणारे प्रोप्रानोलोल हे औषध घडवले, पण हृदय दुर्बल असेल तर अशी औषधे वर्ज्यच मानली जात. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशा सात रोग्यांना ती देऊन सुधारणा नोंदवली. पुढे बराच काळ अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. अखेर १९९९ मध्ये बिसोप्रोलोल व मेटोप्रोलोल यांच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले.

हे औषध अगदी लहान मात्रेने सुरू करून आठवड्या-आठवड्यांनी वाढवतात. सुरुवातीला थकवा जाणवू शकतो आणि गुण दिसायला काही महिने जातात. नेमके याच काळात ‘या गोळीने अशक्तपणा आला’ म्हणून ती मनाने बंद केली जाते. अचानक बंद करणे धोक्याचे असते, कारण अडवलेली हाक एकदम पूर्ण जोराने हृदयावर येऊन आदळते. ‘ही गोळी हृदयाला हाकत नाही, विसावा देते’ एवढे एक वाक्य रोग्याला त्याच्या भाषेत सांगितले, तर त्या पहिल्या महिन्यांत धीर धरायला त्याला कारण मिळते. असे वाक्य घडवणे हे भाषा शिकवणाऱ्यांचेही काम आहे.