पाणबुड्याचा विमानप्रवास

समुद्राच्या पोटांत उतरणें आणि आकाशांत उडणें या दोन्ही शक्ति निसर्गानें माणसाला दिलेल्या नाहींत. त्या त्यानें यंत्रांच्या साहाय्यानें मिळविल्या आहेत. एकाच आठवड्यांत दोन्हींचा अनुभव घेण्याचा योग पूर्वीं फारच थोड्यांच्या वांट्यास येत असे. आज पुण्यामुंबईचें एखादें कुटुंब शनिवारीं सकाळीं विमानानें निघतें, चेन्नईवरून अंदमानांत पोंचतें, चार दिवस पोवळ्यांच्या रानांत बुड्या मारतें आणि गुरुवारीं घरीं परततें. या प्रवासाची तिकिटें, निवास, बोटीच्या वेळा यांची चौकशी महिनामहिना चालते. पण बरोबर न्यावयाचें सामान कसें बांधावें, कोणती वस्तु कोठें ठेवावी, काय मुळींच नेऊं नये आणि परतीच्या विमानांत केव्हां पाऊल टाकावें, याचा विचार बहुधा आदल्या रात्रीं उघड्या बॅगेसमोर बसून होतो. तो विचार घाईचा होतो, आणि या विषयांत घाई महाग पडते.

पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखालीं मोकळेपणानें हिंडण्याची आजची पद्धति १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध झाली. नौदलांतील अधिकारी जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचे इंजिनियर या दोघांचें हें काम. युद्धकाळांत पेट्रोलचा तुटवडा होता, म्हणून मोटारी वायूवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं एक झडप तयार केली होती. तिच्याच आधारें पाणबुड्याची झडप घडविण्यांत आली. पाणबुड्यानें श्वास ओढला म्हणजे भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल, तितक्याच दाबाची हवा त्याच्या मुखांत यावी, हें तिचें कार्य. तिलाच आज रेग्युलेटर म्हणतात, आणि या सर्व पद्धतीला स्कूबा हें नांव रूढ झालें आहे. रेग्युलेटरच्या जोडीला हवा भरतां व सोडतां येणारें जाकीट, डोळ्यांवरील मास्क, पायांतील लांब फिन, अंगाबरोबर बसणारा रबरी वेटसूट, खोली व वेळ मोजणारा मनगटावरील संगणक आणि एखादा दिवा, एवढा सरंजाम असतो. हवेचा सिलिंडर आणि कमरेला बांधावयाचीं शिशाचीं वजनें हीं याहून वेगळीं.

हें सर्व साहित्य पाण्यासाठीं घडविलेलें आहे. पाण्यांत असतांना पाणी त्यावर, आणि तें वापरणाऱ्या माणसावरहि, नकळत तीन उपकार करीत असतें. तें भार उचलून धरतें, उष्णता वाहून नेतें आणि सभोंवार दाब देऊन ठेवतें. किनाऱ्यावर पाऊल टाकतांच हे तिन्ही उपकार संपतात. विमानप्रवासासंबंधींचे बहुतेक नियम या एका गोष्टीवरून उलगडत जातात.

प्रथम भाराचा विचार. देशांतर्गत विमानांत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानासाठीं १५ किलो आणि हातांतील सामानासाठीं ७ किलो एवढीच मोकळीक देतात. जाकीट तीन-साडेतीन किलोंचें, रेग्युलेटर नळ्यांसह अडीच किलोंचा, फिनांची जोडी दोन किलोंची, वेटसूट दीडदोन किलोंचा. मास्क, संगणक, दिवा यांचा एखादा किलो. बेरीज दहा-अकरा किलोंवर सहज जाते, आणि कपडे अजून बॅगेबाहेरच असतात. लक्षद्वीपांतील अगत्तीस जाणाऱ्या लहान, पंख्याच्या विमानांत तर वजनाचा हिशेब अधिकच काटेकोर असतो. ११ लिटरांचा नेहमींचा अल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतांनाहि सुमारें १४ किलो भरतो. म्हणजे एका माणसाची जवळजवळ सर्व मोकळीक तो एकटाच खाऊन टाकतो. म्हणून सिलिंडर आणि शिसें हीं घरून नेऊंच नयेत. पाणबुड्यांच्या केंद्रांवर तीं मिळतात. नव्यानें शिकलेल्यानें आपलें म्हणून काय न्यावें, याचा क्रमहि येथेंच ठरतो. मास्क चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणें बसावा लागतो आणि संगणक आपल्याच बुड्यांची नोंद ठेवतो, म्हणून हे दोन आधीं. त्यानंतर रेग्युलेटर. फिन व जाकीट भाड्यानें घेतलें तरी फारसें अडत नाहीं.

तरीहि क्वचित् कोणाला स्वतःचा सिलिंडर न्यावाच लागतो. भरलेला सिलिंडर प्रवाशाच्या सामानांत नेतां येत नाहीं. उंचावर हवा विरळ होते म्हणून तो फुटेल, अशी पुष्कळांची समजूत असते; ती बरोबर नाहीं. सिलिंडरमध्यें हवा सुमारें २०० वातावरणांच्या दाबानें कोंडलेली असते. विमानांत बाहेरचा दाब पाव वातावरणानें कमी झाला, तर त्या २०० पुढें त्याची मातब्बरी काय? खरी भीति निराळी आहे. सिलिंडर पडून त्याची झडप तुटली, तर आंत दाबलेली २००० लिटरांहून अधिक हवा एका छिद्रांतून सुटते आणि तें १४ किलोंचें धूड बाणासारखें धांवतें. आणि आग लागली तर तापणाऱ्या हवेचा दाब वाढतच जातो. म्हणून सिलिंडर रिकामा तर हवाच, पण तो रिकामा आहे हें तपासणाऱ्याला डोळ्यांनीं दिसलें पाहिजे. अमेरिकेंत झडप सिलिंडरपासून पूर्ण वेगळी करून तोंड उघडें ठेवावें लागतें. अन्यत्र नियमांत फरक पडतो, तेव्हां कंपनीकडून आधींच लेखी उत्तर घेणें श्रेयस्कर.

आतां प्रत्यक्ष बांधणी. रेग्युलेटर, मास्क आणि संगणक हातांतील बॅगेंत ठेवावेत. बॅग हरवली किंवा आदळली तरी ज्यांवांचून बुडी होणार नाहीं आणि ज्यांवर जीव अवलंबून असतो, त्या या वस्तु आहेत. रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वेढ्यांत सैल गुंडाळाव्यात. तोटीजवळ त्यांना तीव्र वांक पडला कीं तेथेंच पुढें चीर जाते. धातु व नळ्यांचा हा गुंता तपासणीच्या पडद्यावर चमत्कारिक दिसतो, म्हणून तो बॅगेंत वरच ठेवावा. काढून दाखविला कीं शंका फिटते. सिलिंडरला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत: एक बाहेरून शिकंज्यासारखी आवळण्याची, दुसरी आट्यांनीं आंत फिरवून बसविण्याची. आपली रीत आणि मुक्कामावरील सिलिंडरची रीत जुळते कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारावें.

विमानाच्या पोटांत जाणाऱ्या बॅगेंत फिन दोन्ही बाजूंस भिंतीसारखे उभे करावेत, आणि त्यांच्या टांचेच्या पोकळींत मोजे किंवा बूट कोंबावेत, म्हणजे रबराचा आकार बिघडत नाहीं. वेटसूट घडी न घालतां गुंडाळावा. जाकिटांतील सर्व हवा काढून टाकावी, कारण बंद पिशवींतील हवा उंचावर गेल्यावर सुमारें एक तृतीयांशानें फुगते. पाणबुड्याची सुरी हातांतील सामानांत कदापि ठेवूं नये. ती म्यानांत घालून, कापडांत गुंडाळून याच बॅगेंत टाकावी. छायाचित्रें घेणाऱ्यांनीं कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी बंद करून नेऊं नये. ती बाहेरचा दाब सोसण्यासाठीं बनविलेली असते, आंतून रेटणारा दाब सोसण्यासाठीं नव्हे. तिची रबरी कडी काढून वेगळी ठेवली म्हणजे हवेला जाण्यायेण्यास वाट राहते.

पाण्याचा दुसरा उपकार उष्णता वाहून नेण्याचा. पाण्याखालील प्रखर दिवा भोंवतालच्या पाण्यानें सतत थंड होत असतो. तोच दिवा बॅगेंत कपड्यांमध्यें दबून चुकून पेटला, तर ती उष्णता जाण्यास मार्ग नाहीं. कापड करपतें आणि आगहि लागूं शकते. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाणबुड्यांच्या दिव्याचा स्वतंत्र उल्लेख आहे तो यासाठींच. बटण बंद केलें एवढ्यावर विसंबूं नये. बॅटरी काढून दिवा निर्जीव करावा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मात्र विमानाच्या पोटांत टाकतां येत नाहींत. त्या हातांतच न्याव्या लागतात, कारण बैठकीजवळ धूर निघाला तर तो दिसतो आणि विझवितां येतो. प्रत्येक बॅटरीचीं टोकें चिकटपट्टीनें झांकावीं किंवा ती वेगळ्या डबींत ठेवावी. बॅटरीची शक्ति वॉट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला कीं ती मिळते, ३.७ व्होल्टांची ५ अँपिअर-तासांची बॅटरी १८.५ वॉट-तासांची झाली. १०० पर्यंत सामान्यतः हरकत नसते. १०० पासून १६० पर्यंत कंपनीची संमति लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेतां येतात. त्यापलीकडे प्रवाशाच्या सामानांत परवानगी नाहीं.

परतीचें सामान बांधणें हें जातांनापेक्षां कठीण असतें, कारण तें ओलें असतें. समुद्राचें पाणी वाळलें कीं मिठाचे स्फटिक झडपांत व सांध्यांत बसतात आणि रबर झिजवितात. गोड्या पाण्यानें सर्व धुवावें. रेग्युलेटर धुतांना त्याच्या वरच्या तोंडावरील टोपण कोरडें करून घट्ट बसवावें आणि हवा सोडण्याचें बटण दाबूं नये. दाबल्यास पाणी नळींतून थेट आंतील यंत्रांत शिरतें. जाकिटाच्या आंतहि गोडें पाणी खेळवून काढून टाकावें. मग सर्व कांहीं सावलींत वाळत घालावें. ओला वेटसूट वजन वाढवितो आणि बंद बॅगेंत दुर्गंधि धरतो. याला एक दिवस लागतो. आणि हा दिवस सामानापेक्षांहि दुसऱ्या एका कारणासाठीं अवश्य आहे.

तें कारण पाण्याच्या तिसऱ्या उपकारांत, दाबांत, आहे. दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वायूवर दाब जितका अधिक, तितका तो द्रवांत अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनीं १८०३ सालीं मांडला. हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन असतो. २० मीटरांवर तिप्पट दाबाची हवा घेणाऱ्या माणसाच्या रक्तांत व मांसांत तो हळूहळू साठत जातो. वर आल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडतो खरा, पण त्याला वेळ लागतो. गोटीच्या सोड्याच्या बाटलींत गोटी घट्ट बसलेली असेतों पाणी निवांत दिसतें. गोटी दाबतांच तें फसफसतें. दाब एकदम उतरला तर शरीरांतहि असेच बुडबुडे धरतात. हें कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७८ सालीं दाखविलें, आणि बकऱ्यांवर प्रयोग करून वर येण्याचीं सुरक्षित कोष्टकें जे. एस. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं.

विमान १०-११ किलोमीटर उंच उडत असलें तरी आंतील दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका, म्हणजे सुमारें तीन चतुर्थांशांपर्यंत उतरतो. नुकताच पाण्याबाहेर आलेला माणूस विमानांत बसला म्हणजे अर्धवट उघडलेली बाटली पुन्हां उघडल्यासारखें होतें. २००२ सालीं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेनें भरविलेल्या परिषदेंतून पुढील मर्यादा ठरल्या: वर येतांना वाटेंत सक्तीनें थांबावें लागलें नसेल अशी एकच बुडी असल्यास निदान १२ तास, अशा अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्या असल्यास निदान १८ तास, आणि सक्तीनें थांबावें लागलें असल्यास १८ तासांहून पुष्कळ अधिक. या मर्यादा धोका कमी करतात, नाहींसा करीत नाहींत. म्हणून सावध पाणबुडे सरसकट २४ तास थांबतात.

हिशेब सोपा आहे. स्वराजद्वीपावर, म्हणजे पूर्वींच्या हॅवलॉकवर, शेवटची बुडी दुपारीं ४ वाजतां संपली आणि श्री विजयपुरम्, म्हणजे पूर्वींच्या पोर्ट ब्लेअर, येथील वीर सावरकर विमानतळावरून विमान दुसऱ्या दिवशीं सकाळीं ९ वाजतां सुटावयाचें असलें, तर मध्यें १७ तासच मिळाले. हातांत उरलेली एक दुपार दिसली कीं "आणखी एकच" असा मोह होतो. त्या एका बुडीसाठीं अठरा तासांचा नियम मोडतो. महाराष्ट्रांत हा प्रश्न विमानावांचूनहि उद्भवतो. मालवण-तारकर्लीस बुड्या मारून त्याच सायंकाळीं मोटारीनें आंबोलीचा घाट चढणारा मनुष्य सुमारें ६९० मीटर वर जातो. विमानाच्या मानानें ही उंची थोडी. पण अमेरिकन नौदलाच्या कोष्टकांत बुडीनंतर १००० फुटांच्या चढणीचाहि विचार केलेला आहे, आणि आंबोली त्याच्या दुपटीहून उंच आहे. रात्र किनाऱ्यावर काढून सकाळीं घाट चढावा, हेंच शहाणपण.

बुडबुड्यांच्या व्याधीचीं लक्षणें फसवीं असतात: खांद्यांत किंवा गुडघ्यांत दुखणें, त्वचेला खाज, हातापायांस मुंग्या, भोंवळ, विलक्षण थकवा. खांदा बॅग उचलून दुखला असेल, थकवा जागरणाचा असेल, असें स्वतःला समजावीत पुष्कळजण विमानांत चढतात आणि दुखणें वाढवून घेतात. अशीं लक्षणें बुडीनंतर दिसलीं, तर तिकीट बुडालें तरी चालेल, पण विमानांत बसूं नये. ताबडतोब डॉक्टरांस गांठावें आणि आपण बुडी मारल्याचें स्पष्ट सांगावें. शुद्ध ऑक्सिजन, आणि दाबाच्या कोठडींत ठेवून दाब पुन्हां वाढवून सावकाश उतरविणें, हे त्यावरील उपाय आहेत.

विमानतळावरील कांट्यावर बॅगेचें वजन होतें, यंत्रांतून तिची तपासणी होते, बॅटरीचे आंकडे विचारले जातात. प्रवाशाच्या रक्तांत किती नायट्रोजन उरला आहे, हें मात्र तेथें कोणी विचारीत नाहीं. तो हिशेब ज्याचा त्यानेंच ठेवावयाचा असतो. म्हणून शेवटचा दिवस बुडीसाठीं न ठेवतां धुण्यावाळविण्यासाठीं राखावा. दोरीवर वेटसूट वाळत असतो, शेजारीं जाकिटांतून पाणी ठिबकत असतें, आणि तेवढ्या वेळांत शरीरहि आपला भार हळूहळू उतरवीत असतें.